बदल एका ओळीचा, बिल्ड अख्ख्या ॲपचा

मोबाइल ॲप बनवणाऱ्यांच्या कामाचे एक ठरलेले चक्र असते. कोड बदलायचा, बिल्ड लावायचा, ॲप फोनवर चढवायचे, बदल नीट झाला का ते पाहायचे आणि पुन्हा कोडकडे वळायचे. दिवसभरात हे चक्र कित्येकदा फिरते. बदल एका ओळीचा असूनही बिल्ड अख्ख्या ॲपचा होत असेल, तर दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. त्यावर उपाय म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत एक विचार जोमाने पुढे आला. चालते ॲप बंदच करायचे नाही, बदललेला तुकडा तेवढा त्यात नेऊन बसवायचा. पूर्ण बिल्डऐवजी पॅच.

हा विचार कुठून आला, कुठे यशस्वी झाला, कुठे अडला, त्याविषयी वेगवेगळ्या बाजूंचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

वेळ नेमका कुठे जातो?

एक साधे उदाहरण घेऊ. खरेदीच्या एका ॲपमध्ये पत्ता भरण्याची स्क्रीन आहे. तिथल्या बटणावर इंग्रजी मजकूर व्यवस्थित दिसतो. भाषा मराठी केली की ‘पुष्टी करा’ या शब्दांतला उकार खालून कापला जातो. देवनागरीला अक्षराच्या वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते, आणि बटणाची उंची मात्र आकडा घालून पक्की केलेली आहे. दुरुस्ती एका ओळीची आहे: उंची पक्की न ठेवता मजकुराप्रमाणे वाढू द्यायची.

ही ओळ बदलून रन केले की अँड्रॉइडवर काय काय घडते? काय बदलले आहे ते ग्रेडल हे बिल्ड साधन तपासते. मांडणीच्या फायली आणि चित्रे यांचे संकलन होते. कोटलिन किंवा जावा कोडचे आधी क्लास फायलींत आणि मग अँड्रॉइडला समजणाऱ्या डेक्स फायलींत रूपांतर होते. सगळे एकत्र बांधून एपीके तयार होते, त्यावर डिजिटल सही होते, ते केबलवरून फोनवर जाते, तिथे इन्स्टॉल होते आणि ॲप नव्याने सुरू होते. एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त मेथडचे संदर्भ बसत नाहीत, त्यामुळे मोठ्या ॲपमध्ये अशा अनेक फायली बनवाव्या लागतात आणि काम आणखी वाढते.

एवढे झाले तरी बटण अजून समोर आलेले नसते. लॉगिन करा, ओटीपी टाका, वस्तू निवडा, कार्ट उघडा आणि मग पत्त्याची स्क्रीन. ॲप नव्याने सुरू झाल्यामुळे त्याच्या स्मृतीत असलेली आधीची अवस्था, म्हणजे डेव्हलपरांच्या भाषेत स्टेट, पुसली गेलेली असते. म्हणजे वाट पाहणे दोन प्रकारचे आहे: एक यंत्राच्या कामाची, दुसरे माणसाने पुन्हा त्याच जागी पोचण्याची. पॅचच्या पुरस्कर्त्यांचा भर प्रामुख्याने दुसऱ्यावर आहे. वेगवान बिल्डचे पुरस्कर्ते पहिल्यावर काम करतात. पुढचे बरेचसे मतभेद या फरकातून निघालेले आहेत.

जुनी परंपरा

चालत्या प्रोग्रॅममध्ये बदल करण्याची कल्पना मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे. लिस्पमध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच एखादे फंक्शन नव्याने लिहिता येत असे. १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्कमध्ये घडलेल्या स्मॉलटॉकमध्ये तर लिहिणे आणि चालवणे यांत भिंतच नव्हती. एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात जन्मलेल्या अर्लांग भाषेने टेलिफोन एक्स्चेंज बंद न करता त्यातला कोड बदलण्याची सोय दिली.

जावाच्या जगात २००२ मधील जेडीके १.४ सोबत हॉटस्वॅप आले. त्यात मेथडच्या आतला कोड बदलता येई, पण नवी मेथड किंवा नवे फील्ड जोडता येत नसे. ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण अँड्रॉइडवर ती पुन्हा पुन्हा आडवी आली. डार्ट भाषेचे एक निर्माते लार्स बाक यांनी त्याआधी सेल्फ भाषेवर आणि जावाच्या हॉटस्पॉट यंत्रावर काम केले होते. डार्टवर उभ्या असलेल्या फ्लटर या ॲप-चौकटीत आज जे हॉट रीलोड, म्हणजे चालत्या ॲपमध्ये बदल उतरवण्याची सोय, दिसते, त्याच्यामागे संशोधनाची अशी लांब परंपरा आहे.

इन्स्टंट रनचा धडा

अँड्रॉइडवर या वादाला खरी धार आली ती इन्स्टंट रनमुळे. गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ २.० सोबत एप्रिल २०१६ मध्ये ते सर्वांसाठी आणले. त्यात तीन पातळ्या होत्या. मेथडच्या आतला बदल असेल तर काहीही बंद न करता तो लागू व्हायचा. मांडणी किंवा मजकूर बदलला असेल तर चालू स्क्रीन तेवढी नव्याने उभी राहायची. वर्गाची (क्लासची) रचनाच बदलली असेल तर ॲप पुन्हा सुरू व्हायचे.

हे साधण्यासाठी बिल्डच्या वेळीच ॲपच्या बाइटकोडमध्ये फेरफार केला जाई. ‘या मेथडची नवी आवृत्ती आली आहे का?’ अशी चौकशी प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला घुसवली जाई, आणि आली असेल तर काम तिकडे वळवले जाई. कल्पना हुशारीची होती, पण तिची किंमत होती. डेव्हलपरने लिहिलेले ॲप आणि फोनवर चालणारे ॲप एकच राहिले नाही. त्यातून कधी बदल दिसायचा नाही, कधी एरवी न येणारी चूक यायची. दोष आपल्या कोडचा की साधनाचा, हे कळायला मार्ग नसे. अनेकांनी सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करून टाकली.

गूगलने ही टीका गांभीर्याने घेतली. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड स्टुडिओ ३.५ मध्ये इन्स्टंट रन काढून त्या जागी अप्लाय चेंजेस ही नव्याने बांधलेली व्यवस्था आली. ती एपीकेला हात लावत नाही. अँड्रॉइड ८.० पासून प्रणालीतच असलेल्या साधनांच्या मदतीने ती चालत्या प्रक्रियेतला वर्ग बदलते. आपल्या बटणाची उंची बदलायची असेल, तर ‘बदल लागू करून स्क्रीन पुन्हा उभी करा’ हा पर्याय दाबला की काम होते. पण रिसोर्स नवा जोडला किंवा काढला, मॅनिफेस्ट बदलले, मेथड काढून टाकली, वर्गाची वारसारचना बदलली किंवा नेटिव्ह लायब्ररीला हात लावला, की ॲप पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते.

या घडामोडीतून निघालेला धडा आज जवळपास सर्वमान्य आहे: थोडे कमी करणारे पण भरवशाचे साधन, पुष्कळ करू पाहणाऱ्या पण बेभरवशाच्या साधनापेक्षा चांगले. स्क्रीन रचण्याच्या कंपोज या साधनासंचासाठी २०२३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओच्या जिराफ आवृत्तीत आलेले लाइव्ह एडिट याच धोरणाने चालते. ते अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढच्या उपकरणांवरच चालते आणि स्क्रीन रचणाऱ्या फंक्शनांवर लक्ष एकवटते.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह: रचनेतच सोय

इन्स्टंट रनची अडचण अशी होती की ते आधीच बनलेल्या व्यवस्थेवर नंतर चढवले गेले. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या ॲप-चौकटींनी वेगळी वाट धरली. त्यांच्या रचनेतच या सोयीला जागा होती.

डिसेंबर २०१८ मध्ये १.० आवृत्ती आलेले फ्लटर विकासाच्या वेळी डार्टचा कोड आभासी यंत्रावर चालवते आणि प्रकाशनासाठी त्याच कोडचे थेट यंत्रभाषेत संकलन करते. हॉट रीलोड केले की बदललेला कोड आभासी यंत्राकडे जातो, वर्ग अद्ययावत होतात आणि विजेटची मांडणी नव्याने रचली जाते. स्टेट मात्र तशीच राहते. बटणाची उंची बदलून फाइल सेव्ह केली की पत्त्याच्या स्क्रीनवर, भरलेला पत्ता न पुसता, ‘पुष्टी’चा उकार पूर्ण दिसू लागतो. पुन्हा लॉगिन करायला नको आणि ओटीपीही नको.

याच ठिकाणी नवशिक्याला चकवणारी एक गोष्ट आहे. समजा, कार्टमधील वस्तूंची सुरुवातीची संख्या इनिटस्टेटमध्ये ० अशी दिली होती आणि आता ती १ केली. हॉट रीलोड करूनही स्क्रीनवर ०च दिसतो, कारण इनिटस्टेट आणि मेन ही फंक्शने रीलोडमध्ये पुन्हा चालत नाहीत. ग्लोबल आणि स्टॅटिक फील्डच्या आरंभीच्या किमतींचेही तेच. कोड बरोबर आहे, चालणारे ॲप निरोगी आहे, तरी दोघांचा मेळ नाही. अशा वेळी हॉट रीस्टार्ट करावे लागते आणि स्टेट सोडून द्यावी लागते.

रिॲक्ट नेटिव्हने मार्च २०१६ मध्ये हॉट रीलोडिंग आणले. पण ते भरवशाचे नव्हते, फंक्शन स्वरूपातल्या घटकांशी त्याचे नीट जमत नव्हते. सप्टेंबर २०१९ मधील ०.६१ आवृत्तीने ते काढून फास्ट रिफ्रेश दिले. यात फंक्शन-घटकांची स्टेट शक्य तिथे टिकवली जाते. क्लास-घटकांची स्टेट टिकवण्याचा प्रयत्नच केला जात नाही, ते नव्याने उभे केले जातात. गूगलच्या आणि रिॲक्टच्या गटाने, एकाच वर्षी आणि स्वतंत्रपणे, महत्त्वाकांक्षा कमी करून भरवसा वाढवण्याचाच मार्ग निवडला.

आयफोनची वेगळी परिस्थिती

ॲपलच्या एक्सकोडमध्ये २००३ च्या पहिल्या आवृत्तीपासून मॅकच्या प्रोग्रॅमसाठी ‘फिक्स अँड कंटिन्यू’ नावाची सोय होती. पुढे ती काढली गेली. आयफोनवर प्रश्न आणखी कठीण झाला, कारण तिथे सही नसलेला कोड चालू दिला जात नाही आणि चालत्या प्रक्रियेत नवा यंत्रकोड तयार करण्यावर कडक बंधने आहेत. ही बंधने सुरक्षिततेसाठी आहेत, त्यामुळे ती सैल करण्याची मागणी सहसा कोणी करत नाही.

म्हणून आयओएसवर पॅचचे काम मुख्यतः सिम्युलेटरवर चालते. इंजेक्शन-थ्री हे मुक्त साधन बदललेली फाइल तेवढी संकलित करून तिची डायनॅमिक लायब्ररी बनवते आणि सिम्युलेटरमधल्या चालत्या ॲपमध्ये ती भरते. ॲपलचे स्वतःचे उत्तर म्हणजे २०१९ मध्ये स्विफ्टयूआयसोबत आलेले प्रीव्ह्यू. तिथे पूर्ण ॲप न चालवता एक स्क्रीन तेवढी वेगळी काढून पाहता येते.

दुसरी भूमिका: बिल्डच वेगवान करा

बिल्ड-अभियंत्यांच्या मोठ्या गटाचे म्हणणे असे की पॅचने फक्त डेव्हलपरच्या डोळ्यापुढचे चक्र लहान होते. चाचण्या, सर्व्हरवर होणारे स्वयंचलित बिल्ड आणि अंतिम प्रकाशन यांना पूर्ण बिल्डच लागतो. तो मंद राहिला तर गटाचा वेग वाढत नाही. शिवाय वेगवान आणि अचूक बिल्डचा फायदा सर्वांना होतो आणि त्यात शंकेला जागा राहत नाही.

या दिशेने झालेले काम भरीव आहे. फेसबुकने २०१३ मध्ये बक आणि गूगलने २०१५ मध्ये बेझल ही बिल्ड साधने सर्वांसाठी खुली केली. ज्याचे इनपुट बदललेले नाही त्याला हात लावायचा नाही, आणि एकाने केलेले संकलन कॅशमधून दुसऱ्याला द्यायचे, हा दोन्हींचा पाया. ग्रेडलनेही बिल्ड कॅश आणि कॉन्फिगरेशन कॅश आणले. कोटलिनमध्ये कॅप्ट या कोडनिर्मिती साधनाच्या जागी केएसपी आल्याने कोडनिर्मितीचा मधला खर्च कमी झाला. ॲपचे लहान मॉड्यूल पाडले की बदल एका मॉड्यूलपुरता राहतो. अँड्रॉइड ११ पासून खूप मोठे एपीके पूर्ण पोचण्याआधीच सुरू करण्याची सोय आली. तिचा फायदा मोठ्या गेम बनवणाऱ्यांना विशेष होतो.

बकच्या एक्सोपॅकेजने मध्यममार्ग दाखवला. त्यात फोनवर एक छोटे कवच-ॲप इन्स्टॉल होते आणि खरा कोड शेजारी वेगळ्या डेक्स फायलींत राहतो. कोड बदलला की फक्त ती फाइल जाते आणि ॲप पुन्हा सुरू होते. स्टेट जाते, पण चालणारा कोड पूर्णपणे नवा असतो.

या भूमिकेची मर्यादाही सांगायला हवी. मॉड्यूल पाडणे, कॅशचा सर्व्हर चालवणे, बेझलची व्यवस्था सांभाळणे यासाठी वेगळी माणसे लागतात. शंभर अभियंत्यांच्या कंपनीला ते परवडते. पुण्या-नाशिकच्या चार-पाच जणांच्या गटाकडे, अँड्रॉइड स्टुडिओला किमान लागणाऱ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, हॉट रीलोड हाच हाताशी असलेला उपाय असतो.

वापरकर्त्याच्या फोनवरचा पॅच

पॅचचा विचार डेव्हलपरच्या टेबलापुरता राहिला नाही. प्ले स्टोअरने २०१६ मध्ये आधी बीएसडिफ ही पद्धत वापरायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फाइलनिहाय पॅचिंग जाहीर केले. त्यात एपीकेमधल्या दाबून ठेवलेल्या फायली उलगडून जुन्या-नव्यातला फरक काढला जातो, तेवढाच फोनवर पाठवला जातो आणि तिथे नवे एपीके पुन्हा रचले जाते. गूगलने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार असे अपडेट पूर्ण ॲपपेक्षा सरासरी ६५ टक्के लहान होते, आणि आधीच्या पद्धतीच्या तुलनेत रोज ६ पेटाबाइट डेटा वाचत होता. या पॅचवर कोणाचा आक्षेप नाही, कारण फोनवर रचले गेलेले एपीके मूळ एपीकेशी बाइटन् बाइट जुळते आणि त्यावरची सही तपासता येते.

दुसरा प्रकार वादग्रस्त आहे: स्टोअरला वळसा घालून थेट वापरकर्त्याच्या फोनवर दुरुस्ती पाठवणे. चीनमध्ये गूगल प्ले नाही आणि स्टोअर अनेक आहेत, त्यामुळे तिथे याची गरज तीव्र होती. अलिबाबाचे अँडफिक्स आणि वीचॅटसाठी टेन्सेंटने बनवलेले टिंकर ही साधने तिथूनच आली. पुरस्कर्त्यांचा मुद्दा असा की पैसे भरण्याची स्क्रीन बंद पडली असेल, तर स्टोअरच्या तपासणीची वाट पाहत बसणे ग्राहकाच्या हिताचे नाही. विरोधकांचा मुद्दा असा की तपासलेले ॲप आणि चालणारे ॲप वेगळे असेल, तर तपासणीला अर्थ उरत नाही, आणि हीच वाट हल्लेखोरालाही मोकळी होते.

मार्च २०१७ मध्ये ॲपलने जेएसपॅच आणि रोलआउट यांसारखी साधने वापरणाऱ्यांना इशारे धाडले. ॲपची वैशिष्ट्ये बदलणारा कोड उतरवून चालवू नये, असे ॲपलचा नियम सांगतो. इंटरप्रीटरवर चालणाऱ्या कोडला, ॲपचा मूळ हेतू बदलत नसेल तर, काही सवलत आहे. प्ले स्टोअरही डेक्स किंवा नेटिव्ह कोड बाहेरून उतरवू देत नाही, पण वेबव्ह्यूमधल्या जावास्क्रिप्टसारख्या, अँड्रॉइडच्या सोयींपर्यंत आडवाटेनेच पोचणाऱ्या कोडला सूट देते. याच सवलतीच्या आधारे रिॲक्ट नेटिव्हमध्ये मायक्रोसॉफ्टचे कोडपुश वाढले. मायक्रोसॉफ्टचे ॲप सेंटर बंद झाल्याने ३१ मार्च २०२५ रोजी ती सेवा थांबली आणि बरेच जण एक्स्पोच्या अपडेट सेवेकडे वळले. फ्लटरच्या संस्थापकांपैकी एक, एरिक सायडेल यांनी सुरू केलेले शोरबर्ड आयफोनवर बदललेला कोड इंटरप्रीटरने चालवते आणि न बदललेला कोड मूळ वेगाने चालू देते.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न जुन्या स्टेटचा आणि नव्या कोडचा आहे. नव्या कोडने जुनी स्टेट कशी वाचावी याचे सर्व परिस्थितींना लागू पडणारे उत्तर नाही. आजची साधने मर्यादा घालून घेतात आणि शंका आली की पुन्हा सुरू होतात. ते शहाणपणाचे आहे, पण तो तोडगा आहे, उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न मोजण्याचा आहे. पॅचमुळे एका चक्रातले सेकंद वाचतात हे घड्याळ दाखवते. पण चुकीचा पॅच खरा मानून वाया गेलेला वेळ कोणत्या हिशेबात धरायचा? साधने बनवणारे पहिला आकडा सांगतात. दुसरा मोजण्याची सर्वमान्य रीत नाही.

तिसरा प्रश्न नेटिव्ह कोडचा. सी++ मध्ये लिहिलेले गेम इंजिन, कॅमेऱ्याचा किंवा ब्लूटूथचा कोड, नवे प्लगिन यांना हात लागला की फ्लटरवाल्यालाही पूर्ण बिल्ड लावावा लागतो.

चौथा प्रश्न नियमांचा. ‘मूळ हेतू’ म्हणजे नेमके काय, दुरुस्ती कुठे संपते आणि नवे वैशिष्ट्य कुठे सुरू होते, हे ठरवण्याचा अधिकार दोन कंपन्यांकडे आहे. नियमांचा अर्थ बदलला की त्यांवर उभी राहिलेली साधने अडचणीत येतात, हे २०१७ मध्ये दिसले आहे.

आज कुठे आहोत

सगळ्या भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या तर एक कसोटी स्पष्ट होते. पॅच बसल्यावर हाती आलेले ॲप पूर्ण बिल्डमधून आलेल्या ॲपसारखेच आहे का, आणि ते तपासता येते का? प्ले स्टोअरचा पॅच या कसोटीला उतरतो, म्हणून त्यावर वाद नाही. हॉट रीलोड उतरत नाही, पण डेव्हलपरला ते माहीत असते आणि शंका आली की तो ॲप पुन्हा सुरू करू शकतो, म्हणून ते स्वीकारले गेले. इन्स्टंट रनमध्ये हा फरक डेव्हलपरच्या नजरेआड राहिला, म्हणून त्याने विश्वास गमावला. वापरकर्त्याच्या फोनवरच्या दुरुस्तीत तो फरक वापरकर्त्याला आणि स्टोअरला दिसत नाही, म्हणून तो वाद आजही धगधगता आहे.

पॅच की बिल्ड अशी निवड मोबाइल क्षेत्राने केलेली नाही, तशी करण्याची गरजही नाही. स्क्रीन घडवताना पॅच आणि ‘काम झाले’ असे म्हणण्याआधी पूर्ण बिल्ड, ही वाटणी अनुभवाने ठरली आहे आणि ती योग्य आहे. गटप्रमुखांना विनंती एवढीच: नवे साधन घेण्यापूर्वी आपल्या गटाचा वेळ संकलनात जातो, इन्स्टॉल होण्यात जातो की पुन्हा त्याच स्क्रीनपर्यंत पोचण्यात, हे एक आठवडा मोजून पाहा. तिन्ही दुखण्यांची औषधे वेगळी आहेत आणि ती आज उपलब्ध आहेत.